बोट लागलेलं वजन

काटेवाल्यांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यांनी मला गप्प केलं म्हणून. शिक्षिकेला गप्प करणारी माणसं थोडी, त्यामुळे ती लक्षात राहतात.

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेट्यांमधले सहा नाजूक तराजू होते. वर्षातून एकदा ते तपासायला कुणीतरी येतो आणि जातो, एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी मी वह्या घ्यायला आत शिरले आणि सवयीने वर्गातल्यासारखं मोठ्यांदा विचारलं, "झालं का हो तुमचं?" टेबलावर वाकलेल्या माणसाने मागे वळूनही पाहिलं नाही, नुसता एक हात वर केला. शेजारी स्टुलावर वही घेऊन बसलेली त्याची बायको माझ्याकडे बघून हसली आणि हळूच म्हणाली, "बाई, काटा थांबू दे."

मी थांबले. श्वासही धरून ठेवला. काटा डावीकडे गेला, उजवीकडे आला, थोडा कमी, आणखी थोडा कमी, आणि मधल्या रेघेवर उभा राहिला. त्यांनी चिमट्याने पेटीच्या कडेवर टक् केलं आणि वजनाचा आकडा म्हटला. बायकोने वहीतला आकडा पाहिला आणि म्हणाली, "बरोबर." पुन्हा टक्, पुन्हा आकडा, पुन्हा "बरोबर." एका वजनाला ती "कमी" म्हणाली, तेव्हा दोघांचेही चेहरे घरात कुणी आजारी पडल्यासारखे झाले.

तेवढ्यात एक छोटं पितळी वजन घरंगळून खाली पडलं. मी वाकून ते उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. काटेवाले दचकून मागे सरले.

"बोट लावलंत?"

"उचलून देत होते हो."

"बोटाचा घाम लागतो, बाई. दिसत नाही, पण वजन खोटं होतं."

"मी काही मुद्दाम नाही लावलं."

"काट्याला ते कळत नाही," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. मग त्यांनी ते वजन पुसलं, सुकवलं आणि आधी तपासलेलीही सोडून दिली नाहीत, पेटीतली सगळी वजनं पुन्हा पहिल्यापासून तपासली. माझा पुढचा तास बुडाला.

पुढे कळलं की हे जोडपं माझ्याच गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतं. बाहेरच्या खोलीत दुरुस्तीला आलेले दुकानदारांचे काटे आणि आतल्या खोलीत संसार. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या धंद्यावरून गल्ली त्यांना काटेवाले म्हणायची. बायकोला मी वहिनी म्हणू लागले. ती नवऱ्याला "अहो" म्हणायची, आणि त्या एका "अहो"मध्ये रागापासून लाडापर्यंत सगळं बसवायची.

मी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी वहिनींचं विसरणं सुरू झालं. आधी सगळ्यांचंच होतं तसं, चष्मा, किल्ली, दूध. मग पन्नास ग्रॅमचं वजन साखरेच्या डब्यात सापडलं. मग त्या घरातल्या आरशापुढे उभ्या राहून आरशातल्या बाईशी भांडायला लागल्या. "आमच्या घरात कशाला शिरलीस? नीघ!" काटेवाल्यांनी आरसा काढून टाकला आणि चाचपडत दाढी करू लागले. डॉक्टरांनी चित्रं काढून मेंदूचं काय होतंय ते समजावलं आणि शेवटी म्हणाले, "सांभाळा." ते तर काटेवाले करतच होते.

माणसं वाईट नव्हती. लग्नकार्यात वहिनी मध्येच ओरडायच्या, अनोळखी माणसाच्या पानातलं उचलायच्या, म्हणून आमंत्रणं हळूहळू थांबली. काटेवाल्यांची भावजय यायची, तासभर सल्ले द्यायची आणि घड्याळ बघत निघायची. मीही काही वेगळी नव्हते. दुपारी जाऊन बसायचे, त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न करायचे, आणि घरी परतताना सुटल्यासारखं वाटायचं. त्याची लाज वाटायची, पण वाटायचं हे खरं आहे.

सगळ्यात अवघड दिवस कोणता, तर वहिनींनी मला विचारलं तो. काटेवाले त्यांच्या पायांत चपला घालत होते. त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत वहिनी म्हणाल्या, "हे गृहस्थ कोण हो? भले वाटतात." काटेवाल्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्या चपलेचा पट्टा लावायला त्यांना फार वेळ लागला.

एका रविवारी वहिनी उघड्या दारातून निघून गेल्या. आम्ही दोघं गल्ल्या पालथ्या घालत होतो. दीड तासाने सायकलच्या दुकानापाशी काटेवाले थबकले. दुकानाच्या वरच्या मजल्यावर पूर्वी नाचाचा वर्ग चालायचा. तिथून आता गाण्याचा आवाज येत होता. गाणं म्हणण्याइतकं काही ते सुरात नव्हतं. आम्ही जिना चढलो. घडीच्या खुर्च्यांवर तीस-पस्तीस माणसं बसली होती, आणि तिसऱ्या ओळीत, एका जाडजूड बाईच्या हातात हात देऊन, वहिनी. शांत. कितीतरी महिन्यांत मी त्यांना इतकं शांत पाहिलं नव्हतं.

ती जाडजूड बाई बस कंडक्टर होती. "जिन्यात रडत बसल्या होत्या," तिने खालच्या आवाजात सांगितलं. "म्हटलं, चला आत, खुर्च्या रिकाम्याच आहेत."

ते मॉर्मन लोक होते, ख्रिस्ती लोकांतला एक वेगळा पंथ. त्यांच्या चर्चचं पुरं नाव बरंच लांब आहे आणि त्यांना ते पुरं घेतलेलं आवडतं, पण आमच्या गल्लीत सगळे मॉर्मनच म्हणायचे. त्यांच्यात पगारी धर्मगुरू नसतो. इथल्या मंडळीचे अध्यक्ष आठवडाभर फ्रिज दुरुस्त करायचे आणि रविवारी टाय लावून पुढे बसायचे. गाण्यानंतर पावाचे तुकडे आणि मग छोट्या कागदी कपांतून घोटघोट पाणी सगळ्यांपुढे फिरवलं जातं. तेव्हा खोलीत टाचणी पडलेली ऐकू यावी इतकी शांतता असते. त्या शांततेत मागे कुणाचं तरी बाळ किरकिरलं. वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं आणि साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हटलं, "काटा थांबू दे."

मला वाटलं, आता बाहेर काढतील. पण अध्यक्षांनी डोळे न उघडता मान हलवली, जणू हेही प्रार्थनेतच आहे.

सभा संपता संपता मात्र वहिनी मागे वळल्या. नाचाच्या वर्गाचा भला मोठा आरसा मागच्या भिंतीवर तसाच होता. त्यातली बाई दिसताच त्यांनी किंकाळी फोडली आणि खुर्ची उचलली. काटेवाल्यांनी हात जोडून सगळ्यांची माफी मागितली आणि त्यांना घेऊन ते जवळजवळ पळालेच. जिन्यात मला म्हणाले, "झालं. हेही दार बंद."

पुढच्या रविवारी कंडक्टरबाई त्यांना घ्यायला घरी आली. काटेवाले नको नको म्हणत गेले. आत गेल्यावर त्यांनी आधी मागची भिंत पाहिली. आरशावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पलंगावरच्या चादरी लावल्या होत्या, फुलांची, रेघांची, एक तर कार्टूनची. घरोघरच्या. कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी काटेवाले शेवटपर्यंत बसले, आणि बाकीचे जेव्हा निघाले तेव्हा खुर्च्या मिटवायला मागे राहिले.

मग ते दर रविवारी मागेच राहू लागले. डुगडुगणाऱ्या खुर्च्यांचे पाय त्यांनी एकेक करून सरळ केले. मंगळवारी कंडक्टरबाई आणि तिचा नवरा घरी येऊन बसायचे. ती वहिनींचे केस विंचरायची आणि तेवढ्या वेळात काटेवाले आंघोळ करून घ्यायचे. सभागृहात बाळं रडली की आता इतरही लोक एकमेकांना म्हणायचे, "काटा थांबू दे," आणि हसायचे. वहिनींना त्यात काय विनोद आहे ते कळायचं नाही, पण त्याही हसायच्या.

भावजयीला हे पटलं नाही. माझ्यादेखत तिने तोफ डागली. "भाऊजी, म्हातारपणी ही थेरं! आणि मी ऐकलं ते खरं का? तिथे सगळे एकमेकांना भाऊ आणि बहीण म्हणतात? म्हणजे तुम्ही भाऊ आणि ही बहीण? अहो, नवराबायको ना तुम्ही?"

"हिला मी नवरा म्हणून ओळखू येत नाही," काटेवाले शांतपणे म्हणाले. "भाऊ म्हणून चाललो तर तेवढं तरी."

भावजय पदराला डोळे पुसत गेली. पुन्हा ती कधी त्या विषयावर बोलली नाही.

वर्षभराने काटेवाल्यांनी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. त्या लोकांत दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य. पन्नास वर्षांचा चहा त्यांनी एका सकाळी सोडला. माझ्याकडे आले की म्हणायचे, "बाई, गरम पाणी चालेल."

"नुसतं?"

"साखर घाला. आणि तुमच्या त्याच कपात द्या. कपाला हात शेकले की निम्मं काम होतं."

बाप्तिस्म्याला माणूस पाण्यात पूर्ण बुडावा लागतो. त्यासाठी निळ्या ताडपत्रीचा हौद आणला होता. तो वर ठेवायचा म्हणताच काटेवाल्यांनी कागदावर पाण्याचं वजन मांडून दाखवलं आणि सायकलवाल्याच्या डोक्यावर मजला येईल असं बजावलं. म्हणून हौद मागच्या अंगणात मांडला. दोन साक्षीदार दोन बाजूंना वाकून बघतात. एक बोट जरी वर राहिलं तरी पुन्हा बुडवायचं, असा नियम. अध्यक्षांनी त्यांना पहिल्यांदा बुडवलं तर गुडघा वर आला. दुसऱ्यांदा पुन्हा गुडघाच. "हा गुडघा दुसऱ्या धर्माचा दिसतोय," सायकलवाला पंप हातात धरून म्हणाला, आणि साक्षीदारांनाही हसू आवरेना. वहिनी खुर्चीतून ओरडल्या, "काटा थांबू दे!" तिसऱ्यांदा सगळा माणूस पाण्याखाली गेला.

ते निथळत वर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता. पंचवीस वर्षं मी पोरींचे चेहरे वाचले आहेत. तो निकालात आपलं नाव सापडलेला चेहरा होता.

आणि इथूनच पुढचा गुंता सुरू झाला. त्या लोकांचा विश्वास असा, की त्यांच्या मंदिरात नवराबायकोला एकमेकांशी जोडलं तर ते नातं मरणाने तुटत नाही. काटेवाल्यांना स्वर्गाचं फारसं कौतुक नव्हतं. मला एकदा म्हणाले, "तिकडे ही मला ओळखेल म्हणतात, बाई. डोकं पुन्हा शाबूत होतं म्हणतात. मला तेवढंच पाहिजे. पुन्हा एकदा 'अहो' म्हणाली पाहिजे."

पण त्यासाठी आधी वहिनींचा बाप्तिस्मा व्हायला हवा, आणि बाप्तिस्म्याआधी मुलाखत. माणसाने समजून, स्वतःच्या मनाने हो म्हणायला हवं. अध्यक्षांनी एकदा प्रयत्न केला. "बहीण, देवावर तुमचा विश्वास आहे?" वहिनी म्हणाल्या, "सकाळीच येऊन गेला. चहा न घेता गेला." अध्यक्षांनी फाईल मिटली. म्हणाले, "यांना याची गरजच नाही. देव यांना लहान मुलासारखंच जवळ घेईल." काटेवाले म्हणाले, "देव घेईल हो. माझं काय?"

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे. "बाई, तुम्ही इतक्या पोरी पास केल्यात. हिला चार उत्तरं शिकवा. साहेबांना मी पुढल्या रविवारी पुन्हा विचारायला सांगितलंय."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या चेहऱ्याला नाही म्हणणं मला जमलं नाही, आणि थोडा माझा अहंकारही होता. तीन दिवस मी वहिनींपुढे बसून चार उत्तरं घोकून घेतली. पाचव्या मिनिटाला पाटी कोरी. चौथ्या दिवशी बाहेरच्या खोलीतून काटेवाल्यांच्या कामाचा आवाज आला, चिमटा पेटीवर टक्. आणि वहिनी, माझ्याकडे बघत असतानाच, म्हणाल्या, "बरोबर."

मी थांबले. मग मीच जवळच्या डब्यावर चमच्याने टक् केलं आणि विचारलं, "देवावर विश्वास आहे?"

"बरोबर."

टक्. "येशूवर?"

"बरोबर."

काटेवाले दारात येऊन उभे होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काय चाललंय ते दोघांनाही कळत होतं, आणि तरी मी पुढचं टक् केलं.

रविवारी सभेनंतर छोट्या खोलीत अध्यक्ष, वहिनी, काटेवाले आणि वहिनींच्या सोबतीला म्हणून मी. काटेवाल्यांचा चिमटा त्यांच्या मुठीत होता. अध्यक्षांनी पहिला प्रश्न विचारला. खुर्चीच्या लोखंडी पायावर अगदी हलकं टक् झालं. "बरोबर," वहिनी म्हणाल्या. दुसरा प्रश्न. टक्. "बरोबर." अध्यक्षांचे डोळे मोठे झाले. तिसरा. चौथा. वहिनींचा आवाज खणखणीत होता, जुना, स्टुलावरचा.

"बहीण," अध्यक्षांचा आवाज भरून आला, "हे तुम्ही तुमच्या मनाने म्हणताय ना?"

टक्.

"बरोबर."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. फॉर्म पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि वहिनींचं नाव लिहायला सुरुवात केली. मी काटेवाल्यांकडे पाहिलं. हा माणूस आता हसेल असं मला वाटलं होतं. ते पेनाच्या टोकाकडे बघत होते, काट्याकडे बघायचे तसे.

"थांबा, साहेब," ते म्हणाले.

"काय झालं?"

त्यांनी मूठ उघडून चिमटा टेबलावर ठेवला. "बोट लागलंय. हे वजन धरू नका."

अध्यक्षांना काही कळेना. मग काटेवाल्यांनी चिमटा उचलला, टेबलावर टक् केलं आणि बायकोला विचारलं, "अगं, मी फ्रिज आहे?"

"बरोबर," वहिनी म्हणाल्या.

 मी म्हणाले, "चूक माझी आहे. मी शिकवलं." अध्यक्षांनी हात वर करून मला थांबवलं. उठून ते काटेवाल्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. मग अध्यक्ष म्हणाले, "मी आमच्या चर्चच्या वरच्या कार्यालयाला पत्र लिहून विचारलं होतं. मार्ग आहे. पण तो नंतरचा आहे."

"नंतरचा म्हणजे?"

"बहीण गेल्यावर. मंदिरात त्यांच्या नावाने दुसरी बाई उभी राहते. बाप्तिस्मा, जोडणं, सगळं होतं."

काटेवाल्यांनी ते मनात तोलून पाहिलं असावं. "म्हणजे ही आहे तोवर नाही."

"नाही."

"आणि ही नसली की होईल."

"होईल. मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन."

"मग मी मागायचं काय, साहेब? रोज उठून प्रार्थना करायला सांगता. काय मागू?"

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या त्या भल्या माणसाने अर्धा लिहिलेला फॉर्म घडी घालून खिशात ठेवला.  वहिनी चिमटा हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या. त्यांनी तो नवऱ्यापुढे धरला. "तुमचा आहे का हो? चांगला दिसतो. जपून ठेवा."

मला वाटलं होतं की आता काटेवाले तिथे जायचं सोडतील. तसं मी त्यांना सुचवलंही. ते म्हणाले, "कुठे जाऊ? तिथे चादरी लावल्यात, बाई."

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. अध्यक्षांनी नंतर लागणारा कागद त्यांना देऊन ठेवला आहे. काटेवाल्यांनी तो सुवाच्य अक्षरात भरला आहे, वहिनींचं नाव, आईवडिलांचं नाव, जन्मतारीख, लग्नाची तारीख. एक तारीख तेवढी कोरी आहे. कागद वजनांच्या पेटीत तळाशी असतो. पेटी क्वचितच उघडते, कारण दुकानांत आता सगळे काटे बॅटरीवर चालतात. त्यांना प्रार्थनेत काय मागता असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "काही नाही. डोळे मिटून बसतो. मागितलं तर इकडून तरी नाहीतर तिकडून चूक होते." मी गरम पाण्यात साखर घालून दिली.

वहिनी आता फार बोलत नाहीत. "बरोबर"ही गेलं. पाणी फिरतं तेव्हा त्या एकाच्या जागी दोन-तीन कप उचलतात, आणि तबक धरणारा थांबून राहतो.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांना चालवत नाही. म्हणून रविवारी सकाळी कंडक्टरबाई आणि तिचा नवरा त्यांना खुर्चीसकट उचलून सायकलच्या दुकानाचा जिना चढवतात, आणि काटेवाले दार उघडून धरायला पुढे गेलेले असतात.